मोठ्या माणसासाठीच्या प्लेटा

सासूबाई पेटीवर बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. समोर सून उभी होती. तिच्या हातात भलामोठा स्क्रू-ड्रायव्हर होता. सकाळपासून दोघींचं बोलणं अतिशय आदराने चाललं होतं.

“आई, जरा उठता का?”

“मी माझ्या घरात बसलेय.”

“पेटीवर बसलायत.”

“पेटीही माझ्याच घरात आहे.”

पेटीत चिनी मातीच्या प्लेटा होत्या, निळ्या पाखरांच्या नक्षीच्या. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासूने ती पेटी दाखवली होती. “जपून ठेव. कुणाला दाखवू नकोस. बाकीचं नंतर सांगते,” म्हणाली आणि सांगायच्या आत वारली. बाकीचं मग सासूबाईंनी स्वतःच ठरवलं. एका जहाजाच्या कप्तानाने खूश होऊन हा संच आजेसासऱ्यांना भेट दिला होता. आजेसासऱ्यांनी जहाज फक्त चित्रात पाहिलं होतं, पण त्यामुळे कप्तानाचं काही अडलं नाही.

दरवर्षी पेटी उघडायची, एकेक प्लेट धुवायची, पुसायची, नव्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा आत ठेवायची. सासूबाईंच्या हाती आल्यापासून त्यांच्यावर भाताचं शीत पडलं नव्हतं, पण धुऊन धुऊन निम्मी पाखरं उडून गेली होती.

सुनेच्या लग्नात प्लेटा निघाल्या नाहीत, कारण गर्दी फार होती. मुलाचे साहेब जेवायला आले तेव्हा निघाल्या नाहीत, कारण साहेब हाताने ढिले वाटले. सासरे गेल्यावर भेटायला आलेल्यांसाठीही नाही, कारण दुःखात लोकांचे हात कापतात.

पेटीने बाहेरच्या खोलीचा खिडकीजवळचा कोपरा व्यापला होता. घरात उजेडाची तेवढी एकच जागा. सून शिवणकाम करायची, आणि तिचं मशीन बोळात होतं, बाथरूमच्या दाराला टेकून. अंघोळ करून निघणाऱ्याला शिवण संपेपर्यंत आत थांबावं लागायचं. एकदा तर नवऱ्याचा टॉवेल एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला शिवला गेला. गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. नवरा मात्र टॉवेलात होता. शिवाय अंधारात काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. मागच्या आठवड्यात तिने दोन कामं परत पाठवली होती.

म्हणून आज तिने ठरवलं होतं. प्लेटा निघतील, जेवण वाढलं जाईल आणि त्या कायमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर जातील. पेटी जाईल भंगारात आणि मशीन खिडकीशी.

“आई, या प्लेटा नक्की कुणासाठी ठेवल्यात?”

“कुणीतरी मोठं येईल, त्याच्यासाठी.”

“आज आत्या येतायत जेवायला.”

“वन्सं?” सासूबाईंना हसू आलं. “अगं, त्या तर घरच्याच!”

आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. माहेरी फारशा यायच्या नाहीत. आल्या तरी, सासरचा विषय निघाला की पाणी मागायच्या. तोंडाने फटकळ, पण जेवणाला कधी नाव ठेवायच्या नाहीत, म्हणून त्यांना काहीही, कशातही वाढलं जायचं.

“घरच्याला चांगल्यात वाढायचं नाही, आणि बाहेरच्याचा भरवसा नाही. मग जेवायचं कुणी? कप्तानाने?”

“त्याचं नाव काढू नकोस.”

“त्याला नाव आहे का मुळात?”

तेवढ्यात बेल वाजली.

नवरा बाथरूममध्ये, दारापुढे मशीन. सून जागची हलली नाही. बेल पुन्हा वाजली, आणि आत्यांचा आवाज आला, “मेलात का सगळे?” सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. नणंदेला दारात ताटकळत ठेवायची हिंमत त्यांच्यात आजही नव्हती. त्या उठल्या. दाराची कडी निघायच्या आत पेटीचं झाकण निघालं.

मग सगळं गुपचूप झालं. पाहुणे आल्यावर भांडता येत नाही, घरातला हा एक नियम दोघी पाळायच्या. मशीन सरकवून नवऱ्याला बाहेर काढलं. पानं मांडली. सून प्रत्येक प्लेट जमिनीवर जरा जास्तच आवाज करून ठेवत होती, आणि प्रत्येक आवाजाला सासूबाई डोळे मिटत होत्या. एकही फुटली नाही.

आत्यांनी दोन घास खाल्ले आणि थांबल्या. बोटाने भात बाजूला सारून खालचं पाखरू पाहिलं. मग पानातलं सगळं जेवण शेजारी बसलेल्या भाच्याच्या प्लेटेत ओतलं, आपली प्लेट उलटी केली आणि तळ न्याहाळत बसल्या.

“आत्या, मला एवढं नाही जाणार,” सुनेचा नवरा म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

“वहिनी, या कुठून आल्या?”

सासूबाईंनी कप्तान सांगितला. प्लेटांना आज प्रथमच प्रेक्षक मिळाला होता, म्हणून जहाजही थोडं मोठं केलं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही या घरात यायच्या आधी, माझ्या लग्नात आपल्याकडे ताटं कमी पडली,” त्या म्हणाल्या. “तेव्हा माझ्या सासूने स्वतःच्या घरून पाठवल्या होत्या या. लग्न झाल्यावर परत द्यायच्या बोलीवर. आई शपथेवर सांगायची, पेटी त्याच दिवशी धाडली म्हणून.”

 सुनेची नजर पेटीवर, आणि पेटीवरून खिडकीवर गेली.

“मग आजच तुमच्याकडे पोचवते ना, आत्या. रिक्षा बोलावते.”

आत्यांनी प्लेट सरळ केली आणि हलक्या हाताने खाली ठेवली.

“आता नेऊन कुणाला दाखवू गं? मरेपर्यंत मला चोराघरची म्हणत राहिली सासू.”