पुठ्ठ्याची घडी
एवढं अवाढव्य जहाज. केबिन मात्र काडेपेटीएवढी. ट्रंक खाटेखाली सरकवून तिने कपाट उघडलं, तशी दाराच्या फटीत खोचलेली पुठ्ठ्याची घडी पडली. तिहेरी घडी, एक कोपरा दातांनी चावलेला. तिने ती उचलली. तिची झोप भारी सावध. म्हणून घरातल्या वाजणाऱ्या खिडक्यांत नवरा रात्री उठून अश्शाच घड्या खोचायचा. याच जहाजावर तो खलाशी होता. वादळात समुद्राने त्याला नेलं. चादरी घेऊन आलेला स्टुअर्ड घडी पाहून ओशाळला. "माफ करा, बाई. रोज काढून फेकतो मी, सकाळी पुन्हा तिथेच. कोण खोचतं, देव जाणे." तो गेला. इंजिन सुरू झालं तसं कपाटाचं दार खडखडू लागलं. घडी मुठीत आवळून ती हळूच म्हणाली, "अहो, आता नका उठू. तुम्ही गेल्यापासून मला झोप लागतेच कुठे?" दार गप्प झालं.