नाक वर, शेपूट खाली

मुलांनो, समजा, तुमच्या घरातल्या एका माणसाला तुमचं नाव आठवेनासं झालं आहे. आणि तुमची खात्री आहे, की एक ठरावीक वस्तू दिसली तर ते आठवेल. ती वस्तू शोधायला तुम्ही कुठवर जाल?

नेल्सन मालाडपर्यंत गेले. चला, आपणही त्यांच्याबरोबर जाऊ.

रविवार होता. चर्चहून आल्यावर त्यांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. "आज पपांचा वाढदिवस," ते म्हणाले. "डकोटा विमान आणायचंच. चल गं, बाय."

त्यांची अकरा वर्षांची नात जोआना चपला घालून तयारच होती. पाकीट, घराची किल्ली, पाण्याची बाटली सगळं तिच्या पाठीवरच्या पिशवीत होतं. रस्ता ओलांडताना दोघांनी एकमेकांचा हात धरला.

"पपा हल्ली मला ओळखत नाहीत," नेल्सन म्हणाले. "परवा विचारलं, तुम्ही कोण? मला! पण डकोटा विसरणार नाहीत. विमानतळावर हँगरमध्ये कामाला होते ना, रोज स्वतःच्या हाताने पुसायचे ते विमान. हातात दिलं की म्हणतील, नेल्सन, आलास का रे?"

"नक्की म्हणतील, आजा," जोआना म्हणाली.

अंधेरीत सुगंधाचं खेळण्यांचं दुकान होतं. तिने काचेवर तीन विमानं मांडली. नेल्सननी एकेक उचलून टेबलावर उभं केलं आणि मान हलवली.

"शेपूट बघा याची. जमिनीवर उभं राहिलं की डकोटाचं नाक वर असतं आणि शेपूट खाली टेकलेली. आणि इथे दोन पंखे. हे काय आहे? पंख लावलेला दुधी!"

"काका, हल्ली दुधीच उडतात," सुगंधा हसली. "मालाडला चंद्रप्रकाशकडे बघा. पण लवकर जा, दोनला बंद करतो तो."

"तिथे नसलं तर?" जोआनाने विचारलं.

"तर बोरिवली. तिथे नसलं तर पुढे," नेल्सन म्हणाले. "रिकाम्या हाताने घरी जायचं नाही, बाय."

रिक्षा जोगेश्वरीच्या सिग्नलला अडकली. नेल्सन गुडघ्यावर बोटाने विमान काढत होते. "मी सात वर्षांचा होतो. पपांनी मला हँगरमध्ये नेलं आणि म्हणाले, हात लावायचा नाही. मी लावला."

ही गोष्ट जोआनाला पाठ होती. तरी तिने बरोबर जागेवर विचारलं, "मग ओरडले?"

"छे! फडकं दिलं हातात. म्हणाले, लावलास ना हात? आता पूस!"

चंद्रप्रकाशच्या दुकानात डिंकाचा आणि रंगाचा वास होता. छतापर्यंत खोकी रचलेली. डकोटाचं नाव काढताच त्याने डोकं खाजवलं.

"कठीण आहे, आजोबा. असलंच तर त्या वरच्या फळीवर. तुम्हीच बघता का? माझी कंबर धरलीय."

"बघतो की."

नेल्सन स्टुलावर चढले. त्यांचे पाय थरथरत होते. जोआनाने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. वरून खोकी खाली येऊ लागली. जहाज. रणगाडा. आगीचा बंब. पुन्हा जहाज.

"आजोबा, राहू द्या आता," चंद्रप्रकाश म्हणाला.

"अजून मागची रांग राहिलीय."

मागच्या रांगेत, अगदी भिंतीला टेकून, एक खोकं होतं. कोपरे झिजलेले, चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावलेली. नेल्सन खाली उतरले. त्यांनी झाकण उघडलं आणि आतलं विमान काचेवर उभं केलं.

नाक वर. शेपूट खाली.

त्यांनी हळूच फुंकर मारली. डावीकडचा पंखा फिरला.

"जोआना!" ते ओरडले. "जोआना, हेच गं ते! बघ, जोआना!"

जोआना विमानाकडे बघतच नव्हती. ती आजाच्या तोंडाकडे बघत होती.

"घेऊन जा," चंद्रप्रकाश म्हणाला. "पैशाचं नंतर बघू."

घराच्या दारात जोआनाची मम्मा, क्लॅरिस, उभी होती. "मिळालं, डॅडी?"

"मिळणार नाही तर काय! पपा कुठेत?"

"निजलेत. तू आधी जेव, मग दे."

नेल्सन जेवले. मग विमान मांडीवर घेऊन पपा उठायची वाट बघत आरामखुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांचाच डोळा लागला. जोआना शेजारी जमिनीवर बसून राहिली.

तासाभराने त्यांनी डोळे उघडले. मांडीवरचं विमान उचलून इकडून तिकडून पाहिलं. मग शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"छान आहे हे," ते म्हणाले. "तुझं का? तू कुणाची गं, बाय?"

मग जोआनाने काय केलं?

तिने विमान त्यांच्या हातातून अलगद घेतलं, पुसलं आणि खोक्यात ठेवून वरून नवी चिकटपट्टी लावली. खोकं मम्माच्या ऑफिसच्या पिशवीत घातलं. मग भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीखाली, जिथे त्यांच्या मृत्यूचं साल १९९४ असं लिहिलं होतं, तिथे उभं राहून तिने फोन लावला.

"चंद्रप्रकाशकाका, मम्मा उद्या आणून देईल. पण पुढच्या रविवारी खालच्या फळीवर लपवा हं, स्टुलावर आता आजाचे पाय फार थरथरतात."