यहयाची पाटी

गेटवरच्या झुबेरने रजिस्टर पुढे केलं, तेव्हा अब्बा त्याच्याकडे न बघता थेट आत चालू लागले. शेवटी शहनाझनेच बापाचं नाव लिहिलं: खैरुद्दीन, वय चौऱ्याहत्तर.

आखातातल्या रास अल खैमाच्या अलीकडचं हे मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव. माणसं उठून गेली त्याला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. उरल्या त्या समुद्रातल्या दगडांच्या भिंती, बिनछपराची मशीद आणि भुताखेतांच्या गोष्टी. सोमवारपासून इथे डागडुजी सुरू होणार होती, घरांच्या जमिनी पक्क्या होणार होत्या. मंगळवारी अब्बांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी फिफ्टी-फिफ्टी सांगून हात वर केले होते. त्याआधी एकदा भावाच्या कबरीवर फातेहा पढायचा, एवढंच अब्बांचं मागणं होतं. जन्मात काही न मागणारा माणूस मागायला लागला की नाही म्हणवत नाही. म्हणून रविवारी शहनाझ अल रीमच्या घरून दोन तास गाडी हाकत त्यांना घेऊन आली होती.

यहया हा अब्बांचा धाकटा भाऊ. त्याची गोष्ट तिला पाठ होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली दोघे रत्नागिरीहून लाँचने आले. व्हिसा दोघांकडेही नव्हता. थोरल्याकडे निदान पासपोर्ट होता, धाकट्याकडे तोही नव्हता. लाँचवाल्याने खोल पाण्यातच उतरवलं. दोघे पोहत किनाऱ्याला लागले आणि या ओस गावातल्या एका घरात लपले. चौथ्या दिवशी यहया तापाने गेला. अब्बांनी एकट्याने हातांनी वाळू उकरून त्याला पुरलं.

पुढे त्या पासपोर्टवर नोकरी लागली. पहिल्याच सुट्टीत अब्बांनी आपल्या आईला मुंब्र्याला हलवलं, ते पुन्हा गावाकडे फिरकले नाहीत. दादी मात्र म्हातारपणी अब्बांनाच यहया म्हणून हाक मारायची. पोर गमावलेली आई ती, असं म्हणून सगळे डोळे पुसायचे.

"खैरुद्दीन साहब!" मागून झुबेर ओरडला. "सँभल के, उधर काँच है."

अब्बा वळले नाहीत.

कोपऱ्यातल्या घरातून मात्र कोणीतरी ओ दिली. स्पष्ट, तरण्या गळ्याची.

शहनाझ दचकून मागे वळली; झुबेर तोवर जवळ आला होता. आत कोण आहे, असं तिने झुबेरला विचारलं. आज संडे, सगळं खलास, कोणी नाही, असं तो म्हणाला. आणि त्या घरात लेबर तसंही पाऊल ठेवत नाही, एवढं बोलून तो घाईघाईने गेटकडे परतला.

आवाज घुमला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. अब्बांना झुबेरची हाक ऐकूच गेली नसावी. परवा हॉस्पिटलमध्ये नर्सने तीनदा नाव पुकारलं, तरी ते ढिम्म बसून होते. कानांची तपासणी मात्र चोख निघाली होती. डॉक्टर उलट कौतुकाने म्हणाले होते, वयापेक्षा चार-पाच वर्षं लहान दिसता.

अब्बा आता जागीच थबकले होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि नजर त्या कोपऱ्यातल्या घरावर खिळली होती.

"चल," ते म्हणाले. "तेच घर."

आत खिडकीखाली वाळूत तीन दगड अजून तसेच होते. अब्बा कष्टाने गुडघ्यांवर बसले. शहनाझने पर्समधून संगमरवराची छोटी पाटी काढली. बापाला न सांगता तिने ती करवून घेतली होती. वर एकच नाव कोरलेलं होतं: यहया. तिने ती दगडांना टेकवून उभी केली. आपण बरंच काही केलं, असं तिला वाटलं.

अब्बांनी पाटीवरची अक्षरं बोटाने चाचपली आणि त्यांना रडू फुटलं. बापाला असं रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तीही रडली.

"पन्नास वर्षं याला कोणी नावाने हाक मारली नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी फातेहा पढला. मोडक्या खिडकीतून खारा वारा आत येत होता. दुआ मागून झाल्यावर त्यांनी पाटी उचलली, बाहीने वाळू पुसली आणि तिच्या हातात परत दिली.

"ही इथे नको, बेटा. मंगळवारी काही कमी-जास्त झालं, तर माझ्या कबरीवर लाव."