डावा डोळा

ऑर्लँडोच्या मनोरंजन पार्कमधला यांत्रिक खलाशी मी तेवीस वर्षं सांभाळला. त्याचा डावा डोळा उजव्यानंतर मिटायचा. ती माझ्याच हातची चूक, जगात एकच.

आता कॅलिफोर्नियाच्या पार्कात त्याची नक्कल बसवली. मी मुद्दाम बघायला गेलो. तिचाही डावा डोळा उशिरा मिटला.

“चूकसुद्धा चोरलीत?” मी तिथल्या मेकॅनिकवर, डेल्फीनवर खेकसलो. “मग लोकांनी आमच्याकडे यायचं कशाला?”

“एवढ्या लांब जायला सगळ्यांना जमतं का, वर्नन? आणि चोरलं कुणी? सकाळपर्यंत दोन्ही डोळे बरोबर मिटत होते.” ती जराशी मागे सरकली. “तुम्ही मघापासून मला डोळा काय मारताय?”

मी संतापून भिंतीवरच्या आरशात पाहिलं.

माझा उजवा डोळा मिटला. डावा माझ्याकडे बघत राहिला.