डावा आरसा

चौथा आरसाही वाया गेला. सिलिकॉनच्या साच्यातून अलगद बाहेर काढला, तर मधोमध हवेचा बुडबुडा! आरसा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यात बुडबुडा म्हणजे विहीरच. पाचव्या वेळी मी सुईच्या टोकाने रेझिन थेंब थेंब सोडलं, आणि जमला एकदाचा.

आप्पांच्या पंचाहत्तरीला त्यांची जुनी निळी जीप द्यायची होती, तळहातावर मावेल एवढी. खरी जीप विकूनही आता वीस वर्षं झाली.

आप्पांनी भिंग लावून ती सगळीकडून न्याहाळली. "अगदी हुबेहूब गं. पण विकली तेव्हा हिला डावा आरसा नव्हता."

"म्हशीनं मोडला होता ना तो!" मी घाईघाईने म्हटलं. दहावीच्या सुट्टीत सगळे लग्नाला गेले असताना मी गुपचूप जीप काढली होती आणि फाटकाच्या खांबाला घासली होती. दुसऱ्या दिवशी घरात म्हशीचं नाव निघालं आणि मी गप्प बसले. ती आजपर्यंत.

"म्हशीचं तुझ्या आईला मीच सांगितलं," आप्पा म्हणाले. "खांबाला लागलेला निळा रंगही मीच खरवडून काढला."

आप्पांनी नखाने तो आरसा कटकन काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"आता एक म्हैस ओत. तिची माफी मागायची राहिलीय आपल्या दोघांची."