सोळाव्या वर्षीचा साचा

जोडे शिवण्यात आयुष्य वेचलेला वृद्ध पिता एका पावलावर शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या लेकीच्या पायाशी बसला होता. वर्षानुवर्षे घट्ट बुटांत आवळल्यामुळे अंगठ्याचे हाड वाकले, असे डॉक्टर म्हणाले होते. त्याच्या मांडीवर लाकडी साचा होता. लेक सोळा वर्षांची असताना तिच्या पावलावरून त्याने तो घडवला, आणि पुढची वीस वर्षे त्यावरच अभिमानाने तिचे बूट बेतले. आज तो त्याने तिच्या दुसऱ्या, पट्टी नसलेल्या पावलाशेजारी धरला. पाऊल अर्ध्या बोटाने रुंद निघाले. "बोलली का नाहीस?" "बाबा, लेकीचं माप तोंडपाठ आहे, असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. कोणत्या तोंडानं बोलणार?" ती हसली. "आता रडू नका. डोळे भरले की नवा साचाही चुकेल." त्याने कागद अंथरला, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलेला प्रश्न लेकीला प्रथमच विचारला, "बाळ, कुठे टोचतं?"