सोडलेला चहा

सायलीला बंगळूरची नोकरी लागावी म्हणून आबांनी वेरूळच्या महादेवाला नवस बोलून चहा सोडला होता. "आलं का गं कंपनीचं काही?" रोज विचारायचे. "नाय तर नाय. वाळूजमधी कंपन्या कमी हायेत का?"

एखादा मेल हुकायला नको, म्हणून आज ती दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्डिंग लावायला बसली. पाहते तर ते आधीच लावलेलं. त्या कंपनीचा प्रत्येक मेल परस्पर आबांच्या पत्त्यावर जात होता आणि तिच्याकडचा आपोआप पुसला जात होता. आबांना हे सगळं तिनंच तर हौसेनं शिकवलं होतं.

ती उठली. आलं घालून चहा केला आणि कप आबांपुढं ठेवला.

"अगं, माझा नवस हाय ना!"

"घ्या आबा. फिटला तुमचा नवस."